मल्लखांबाचे कारभारी

सप्तशृंगीच्या चैत्रोत्सवास खानदेशातून पायी निघालेले भाविक मालेगाव, देवळा, कळवण असा मुलूख तुडवीत नांदुरीच्या पायथ्याशी पोहोचतात आणि देवीचे दर्शन घेऊन कृतार्थ मनाने परततात. परंतु ज्या सप्तशृंगगडाच्या पायऱ्या ते चढतात, त्याच गडाशी मल्लखांब या महाराष्ट्राच्या अस्सल व्यायामप्रकाराची कथा परंपरेने बांधलेली आहे, हे त्यांपैकी कितीजणांस ठाऊक असेल याची मला शंका आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत निजामाच्या मुलुखातून अली आणि गुलाब असे दोन नामांकित पहिलवान पुण्यास आले, पेशव्यांच्या दरबारी त्यांनी कुस्तीचे आव्हान टाकले, ते उचलण्यास कोणी धजेना, तेव्हा बाळंभटदादा देवधर नावाच्या एका कोवळ्या तरुणाने मुदत मागून घेतली आणि तो सप्तशृंगीच्या चरणी अनुष्ठानास येऊन बसला. तेथे साक्षात मारुतीने त्यास लाकडी खांबावर डावपेच करून दाखविले, आणि पुण्यास परतून त्याने गुलाबास चीत केल्यावर अलीने झुंजीचा विचारच सोडून दिला, अशी ती कथा आहे.

दृष्टांताचा भाग ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर सोपवू. चालुक्य नृपती सोमेश्वर याच्या 12व्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात मल्लस्तंभाचा उल्लेख येतो, तेव्हा देवधरांस या विद्येचे जनक न म्हणता पुनरुज्जीवक म्हणणेच रास्त होय. मला मात्र त्या कुस्तीपेक्षा कुस्तीनंतरचा इतिहास अधिक मोलाचा वाटतो. 1818 साली पेशवाई बुडाली, बाजीरावांची रवानगी ब्रह्मावर्तास झाली, आणि त्यांच्यामागोमाग उत्तरेत गेलेल्या देवधरांनी दरबार उरला नसताना, इनामाची आशा नसताना, काशीत आखाडा घातला, कोंडभटनाना गोडबोल्यांसारखे शिष्य तयार केले, आणि त्या शिष्यांनी ही विद्या पुन्हा गावोगाव नेली. गुलाबास चीत करण्याचे काम एका दिवसाचे होते; आखाड्याचे काम त्यांच्या पश्चातही चालू राहिले.

खेळाच्या इतिहासात आपण विजेत्यांची नावे कोरतो आणि कारभाऱ्यांची विसरतो, ही तक्रार जुनी असली तरी खोटी नाही. दादरच्या शिवाजी पार्कावर 1925 पासून चालत आलेल्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात बालपणीच दाखल झालेले, पुढे त्याच संस्थेचे प्रमुख कार्यवाह झालेले आणि सत्तरीतही मल्लखांबाच्याच चिंतेत असलेले श्री. उदय देशपांडे यांना 2024 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा त्यांच्या हातून 50 देशांतील 5000हून अधिक माणसे हा व्यायाम शिकली असल्याचे सांगण्यात आले. आकडा मोठा आहेच. परंतु त्या माणसांत स्त्रिया, दिव्यांग, अनाथ मुले, आदिवासी आणि वृद्ध यांचा समावेश आहे, ही गोष्ट मला आकड्याहून मोठी वाटते. कारण मल्लखांब हा मुळात मल्लांचा पूरक व्यायाम, म्हणजे तालमीच्या चार भिंतींआड तरण्याबांड पुरुषांनी करावयाचा. त्याचे दार सर्वांस खुले करणे हे काम परंपरेचे नुसते जतन करणाऱ्याच्या हातून होत नसते.

ज्यांनी तो जवळून पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे वर्णन करणे अप्रस्तुत होणार नाही. जमिनीत पक्का रोवलेला सागाचा किंवा शिसवीचा खांब, खाली जाड, वर निमुळता होत गेलेला. त्याचे अंग, त्यावर मान आणि सर्वांत वर बोंड. खांबाला एरंडेल चोळलेले असते, म्हणजे उघडे अंग त्यावरून फिरताना सोलवटत नाही, आणि घामेजलेले हात निसटू नयेत म्हणून मुले तळव्यांस राळ लावतात. मग सलामी, उडी, अढी, आणि पाहता पाहता एखादा किडकिडीत पोरगा दसरंग करीत मानेपर्यंत जातो, बोंडावर पोट टेकून मयूरासनात स्थिर होतो, तेथून झाप टाकीत खाली येतो, आणि जमिनीवर पाय लागताच जणू काहीच घडले नाही अशा चेहऱ्याने रांगेत जाऊन उभा राहतो. पूर्वी वेतावरही हा व्यायाम चाले. चांगला वेत दुर्मीळ झाल्यावर त्याची जागा सुती दोरीने घेतली, आणि तोच प्रकार आज मुलींचा हक्काचा झाला आहे.

दोरीच्या मल्लखांबावर पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या चिमटीत दोरी धरून वर सरकावयाचे असते. ही पकड डोळ्यांनी नव्हे तर त्वचेने कळते, हे ओळखून दादरच्या अंध मुलींच्या शाळेतील मुलींना देशपांडे यांनी ही विद्या शिकविली. प्रत्येक वळसा शब्दांत सांगावयाचा, हात धरून दाखवावयाचा, दोरी मांडीभोवती कशी गेली हे मुलीला स्वतःच्या बोटांनी चाचपू द्यावयाचे, आणि मग तिला वर सोडावयाचे! अशा शिक्षकाच्या धीराचे मोजमाप कोणत्याही दफ्तरी नोंदविता येणार नाही.

याहून रुक्ष, पण तितकेच आवश्यक, असे दुसरे एक काम असते. प्रत्येक आखाड्याची पद्धत वेगळी आणि प्रत्येक उस्तादाचा मापदंड निराळा असला, तर प्रात्यक्षिके होतील, पण स्पर्धा व्हावयाच्या नाहीत. 1936 साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखवून वाहवा मिळविली खरी. तथापि मल्लखांबाची स्वतंत्र अखिल भारतीय संघटना आणि तिची राष्ट्रीय स्पर्धा उज्जैनला 1981 साली, म्हणजे त्यानंतर 45 वर्षांनी, उभी राहिली. नियमांत आणि गुणदानात एकसूत्रता आणण्याच्या कामी देशपांडे यांचा वाटा मोठा आहे, आणि 2019च्या फेब्रुवारीत शिवाजी पार्कावर पंधराएक देशांच्या खेळाडूंची पहिली जागतिक स्पर्धा भरली, ती याच चिवट कारकुनीचे फळ होय. नियमपुस्तिका लिहिणाऱ्यास टाळ्या मिळत नाहीत.

कारभारी ढिले पडले की खेळाचे काय होते, त्याचा एक मासला विलायतेत सापडतो. विंबल्डनचा जगद्विख्यात क्लब 1868 साली स्थापन झाला तो क्रोके नावाच्या, हिरवळीवर लाकडी मोगरीने चेंडू कमानींतून काढण्याच्या खेळासाठी. काही वर्षांनी टेनिसला तेथे पाहुणा म्हणून जागा दिली, 1877 साली त्याची स्पर्धा भरली, आणि पुढे पाहुण्याने घर व्यापले. क्लबाच्या नावात क्रोके हा शब्द आजही आहे, आणि तो खेळ जगभरात टिकून आहे तो मूठभर हौशी मंडळींनी आयुष्यभर हिरवळी राखल्या आणि स्पर्धा भरविल्या म्हणून.

आपल्याकडे हल्ली मल्लखांबाला मान मिळू लागला आहे, हे कबूल केले पाहिजे. मध्य प्रदेशाने 2013 साली त्यास राज्यक्रीडेचा दर्जा दिला, योगेश मालवीय यांना 2020चा द्रोणाचार्य पुरस्कार आणि महाराष्ट्राच्या सागर ओव्हळकरला 2022चा अर्जुन पुरस्कार मिळाला. मध्य प्रदेशास जे सुचले ते बाळंभटदादांच्या महाराष्ट्रास आधी सुचावयास हवे होते, असे वाटल्यावाचून राहत नाही. शिवाय पुरस्काराने खेळाडूचा गौरव होतो, पण गावच्या शाळेत खांब रोवला जात नाही; तो रोवण्यास कोणीतरी फावडे हाती घ्यावे लागते. प्रजासत्ताकदिनी मुलांचे मनोरे उभारून छायाचित्रे काढावयाची आणि उरलेले वर्षभर व्यायामाचा तास गणितास बहाल करावयाचा, हा शिरस्ता आपल्या अनेक शाळांनी इमानेइतबारे पाळला आहे.

कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या आमच्या कसमादे पट्ट्यास कुस्तीचे वेड नवे नाही. यात्रेची दंगल म्हटली की कांद्याची काढणी खोळंबते, पण आखाड्याभोवतीची गर्दी हटत नाही. त्या वेडाच्या शेजारी मल्लखांबास जागा करून देणे अवघड का असावे? खांबाचा खर्च एकदाच करावयाचा असतो. एरंडेल तर वाण्याकडे मिळते. आणि दोरीच्या मल्लखांबास तर एक भक्कम आढे पुरते. अडचण आहे ती शिकविणाऱ्याची, आणि तीही न सुटण्याजोगी नाही, कारण देवळा, कळवण, सटाणा येथील क्रीडाशिक्षकांनी सुटीतील पंधरवडा दादरच्या किंवा अमरावतीच्या आखाड्यात घालविण्याचे ठरविले, आणि त्यांच्या संस्थांनी प्रवासखर्चाची तरतूद केली, तर निदान आरंभ तरी होऊ शकेल. पहिला खांब पुढील चैत्रोत्सवापूर्वी देवळ्यातच रोवला जावा, अशी येथील मुख्याध्यापकांस आणि शिक्षणसंस्थांच्या चालकांस माझी विनंती आहे.