मागच्या हँडलचं काय?

टँडेम सायकलीच्या मागच्या हँडलला कुठेही वळायचं नसतं. पुढच्या माणसाच्या सीटखाली जी दांडी असते, म्हणजे सीट पोस्ट, तिलाच ते एका स्टेमने, म्हणजे हँडल धरून ठेवणाऱ्या जोडाने, आवळून टाकलेलं असतं. वळणं, गिअर, ब्रेक, घंटी, सगळा कारभार पुढे. मागच्याने पाय मारायचे आणि हात कुठेतरी ठेवायला हवेत म्हणून हँडल धरायचं. त्यामुळे सायकल घेताना किंवा दुरुस्तीला टाकताना या हँडलकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. 'मागच्याला काय, नुसतं धरून तर बसायचंय,' हे मी एका दुकानात स्वतःच्या कानांनी ऐकलंय. बोलणारा माणूस सायकलींतला चांगला जाणकार होता, म्हणून जास्तच खटकलं.

माझं मत नेमकं उलट आहे. टँडेमचं फिटिंग मागच्या हँडलपासूनच सुरू व्हायला हवं.

आमच्या टँडेमवर मुलगी पुढे बसते आणि मी मागे. टँडेमवाले पुढच्याला कॅप्टन म्हणतात, मागच्याला स्टोकर. जड आणि उंच माणसाने पुढे बसावं असा सर्वसाधारण रिवाज, कारण दोघांचं वजन सावरायचं असतं. पण पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये तिचं डोकं माझ्यापेक्षा थंड राहतं, तेव्हा त्यावर चर्चा करण्यात अर्थ नव्हता. अडचण वेगळीच निघाली. तिची उंची बेताची, त्यामुळे तिची सीट खाली. सीट खाली म्हणजे पोस्टचा बाहेर दिसणारा भाग जेमतेम चार बोटं. माझ्या हँडलचा स्टेम बसणार तो त्या चार बोटांतच. थोडक्यात, माझं हँडल किती उंचीवर असावं हे तिच्या पायांची लांबी ठरवणार! मी पाठीत वाकलेला, कोपरं ताठ आणि अंगाचा भार दोन्ही तळव्यांवर. खडकवासल्याला जाऊन परत येईपर्यंत डाव्या हाताची करंगळी बधिर झालेली असायची.

करंगळी आणि तिच्या शेजारचं अर्धं बोट बधिर होणं, ही सायकलवाल्यांची जुनी ओळखीची तक्रार आहे. कोपर आपटल्यावर जिच्यामुळे झिणझिण्या येतात तीच अल्नर नस पुढे मनगटातून, तळव्याच्या बुडाशी करंगळीच्या बाजूने एका अरुंद बोगद्यातून जाते. मनगट मागे मोडलेलं आणि त्यावर अंगाचा भार, असा हात तासभर ठेवला की नस दबते. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असेल तर दबणारी नस दुसरी, मीडियन. म्हणजे कुठली बोटं झोपतात ते पाहिलं की भार तळव्याच्या कुठल्या भागावर पडतोय ते कळतं. सायकलवरून उतरल्यावर थोड्या वेळात मुंग्या गेल्या तर उपाय हँडलवर करायचा. रात्रीपर्यंत राहिल्या, बटण लावता येईना, किल्ली फिरवता येईना, तर मात्र हँडलच्या नादी न लागता डॉक्टर गाठायचा.

आता एकट्याच्या सायकलवरही हात अवघडतात, मग मागच्याचं एवढं कौतुक कशाला? कारण एकट्याचा हात सतत हलत असतो. ब्रेक दाबायचा, गिअर बदलायचा, रिक्षावाल्याला हात दाखवायचा. मागच्याच्या हाताला असं काही निमित्तच नाही, तो एका जागी चिकटून राहतो. दुसरं म्हणजे त्याला रस्ता दिसत नाही, समोर दिसते ती कॅप्टनची पाठ. खड्डा दिसला की एकटा सायकलवाला नकळत सीटवरून जरा उचलला जातो, कोपरं सैल सोडतो. मागच्याला खड्डा कळतो तो बसल्यावर, आणि त्याची सीट मागच्या चाकाच्या जवळ, त्यामुळे दणका जवळजवळ थेट. मग तो काय करतो, तर पुढचा खड्डा कधीही येईल म्हणून हँडल कायम घट्ट आवळून धरतो. मुठीतून कोपर, कोपरातून खांदा, खांद्यातून मान. कॅप्टनने न सांगता ब्रेक दाबला की उरलासुरला भारही तळव्यांवर येऊन आदळतो.

म्हणून पहिला उपाय फुकटचा आहे: तोंड. 'बाबा, खड्डा!', 'बाबा, ब्रेक!' एवढं वेळेवर आलं तरी मूठ सैल राहू शकते. प्रत्येक खड्डा सांगायचा तर पुण्यात बोलूनच दम लागेल, तेव्हा मोठे तेवढेच. अमेरिकेत मॅसेच्युसेट्समध्ये शेल्डन ब्राऊन नावाचा एक मेकॅनिक होता, २००८ साली गेला. टँडेमवर त्याने फार उपयोगाचं लिहून ठेवलंय. त्याच्या हिशोबाने कॅप्टनची मुख्य कामं दोनच, गाडी ताब्यात ठेवणं आणि स्टोकरला खूश ठेवणं. आमच्या घरच्या कॅप्टनला हे मी अधूनमधून ऐकवतो.

दुसरा उपायही फुकटचा. मागे बसणाऱ्याला एक ऐश असते जी पुढच्याच्या नशिबात नाही: त्याने दोन्ही हात सोडले तरी सायकल सरळ जाते. पाणी प्या, चिक्की खा, बोटं उघडझाप करा. फक्त सोडण्याआधी कॅप्टनला सांगा, कारण मागे कोणी अचानक हललं की पुढच्याला सायकल ओढल्यासारखी वाटते. याच सवलतीतून एक चाचणीही होते. सपाट रस्त्यावर पाय मारता मारता हात अलगद उचलून बघा. अंग पुढे घसरू लागलं, तर दोष हँडलचा नसून सीटचा आहे. सीटचं नाक खाली झुकलेलं असलं की माणूस हळूहळू पुढे सरकतो आणि हातांनी स्वतःला मागे रेटत बसतो. आधी ती सपाट करायची, मगच हँडलला हात लावायचा. हातमोजे, जेल, महागड्या ग्रिप यांवर पैसे घालून झाल्यावर सीट बघणारे लोक मी पाहिलेत.

आता हँडल. रेसच्या सायकलीचं वाकडं, खाली उतरणारं ड्रॉप हँडल जन्माला आलं ते वाऱ्यासाठी. वाकायचं, छाती कमी दाखवायची, वारा कापायचा. टँडेमवर वारा कापायला कॅप्टन आहेच. त्याच्या पाठीमागे एवढ्या जवळ बसलेल्या माणसाने रोजच्या वेगात वाकून काय मिळवायचंय? हँडल उंच आणि जवळ घ्यावं, कोपरांत जरा बाक राहील इतकं. लांबी कमी-जास्त होणारे स्टेम टँडेमसाठी मिळतात. त्यांचा खरा फायदा जोडी बदलते तेव्हा कळतो. उंचीचा प्रश्न मात्र स्टेमच्या लांबीने सुटत नाही. आमच्या चार बोटांच्या पोस्टवर वरच्या बाजूला कोन असलेला स्टेम आणि मध्यापासून टोकांकडे वर चढणारं हँडल अशी जोडी बसवली, तेव्हा माझी पाठ उठली. कॅप्टनच्या सीट पोस्टमध्ये स्प्रिंग असेल तर आणखी एक पेच असतो. पोस्टच्या हलत्या भागावर स्टेम आवळला की कॅप्टन खालीवर झाला की तुमचं हँडलही खालीवर. तिथे न हलणारा भाग शोधूनच स्टेम बसवावा लागतो. पोस्ट कार्बनचा असेल तर तो बनवणाऱ्याने परवानगी दिलीय का ते आधी वाचावं, कारण मागून जोरात ओढलं की पीळ त्या पोस्टलाच बसतो.

आकाराबद्दल मी थोडा जुन्या वळणाचा आहे. दूधवाल्यांच्या, पोस्टमनच्या काळ्या सायकलीचं जे हँडल असायचं, टोकं मागे वळलेली, त्यावर तळवे आपोआप एकमेकांकडे वळतात आणि मनगट सरळ राहतं. मागच्या माणसासाठी त्याहून आरामाचं हँडल मला तरी सापडलेलं नाही. त्याची टोकं गुडघ्यांना लागणार नाहीत एवढी जागा मात्र हवी. जुन्या टँडेमवर मागचं अंतर आखूड असतं, तिथे ते जमेलच असं नाही. सपाट हँडल ठेवायचंच असेल तर त्याच्या टोकांना बार-एंड, म्हणजे धरायची छोटी शिंगं, लावा, म्हणजे हाताला निदान दुसरी जागा मिळते. ड्रॉप हँडल असेल तर ब्रेकच्या लिव्हरचा वरचा रबरी भाग, हूड, मागेही बसवून घ्या, वायर जोडलेली नसली तरी चालेल. धरायला छान असतो तो. मुद्दा हा की हाताला दोन-तीन जागा हव्यात आणि दर थोड्या वेळाने त्या बदलायला हव्यात. रुंदी कॅप्टनच्या कमरेवरून ठरते. अरुंद हँडलवर मागच्याची बोटं पुढच्याच्या मांड्यांना घासतात, मग दोघेही अवघडून बसतात आणि कोणीच काही बोलत नाही.

उरलेलं थोडक्यात. टेपचे दोन थर किंवा खाली जेलची पट्टी चांगली, पण हँडल इतकं जाड नको की मूठ मिटायला जोर लागेल. टायर जितके रुंद बसतील तितके घ्या. दोघांच्या वजनामुळे हवा फार कमी ठेवता येत नाही, तेव्हा रुंदीच कामाला येते. मागच्या सीटखाली स्प्रिंगचा पोस्ट घेतला तर पाठीबरोबर हातही वाचतात. आणि घाटाची सवय असेल, तर लांब उतारासाठी तिसरा ब्रेक बसवून त्याची लिव्हर मागे द्यावी असं मी म्हणेन. खंबाटकी उतरताना दोन माणसांचं वजन रिमवरच्या ब्रेकने आवरत राहिलं की रिम तापतात. तिसरा ब्रेक तो भार वाटून घेतो, आणि मागच्याच्या हाताला एक खरं काम मिळतं.

शर्यतीची टँडेम बघून घरची सजवणारे असतात. १९७२ च्या म्युनिकपर्यंत ऑलिंपिकमध्ये टँडेमची स्प्रिंट होती, दोन हजार मीटरची. पॅरालिंपिकमध्ये दृष्टिहीन खेळाडू डोळस पायलटच्या मागे बसून आजही ट्रॅकवर एक किलोमीटर मारतात, जेमतेम मिनिटभरात. तिथे मागचा माणूस खाली वाकतो ते बरोबरच आहे, मिनिटभर कोणाची करंगळी झोपत नाही. आपल्याकडे २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळात पुरी करायची लांब पल्ल्याची फेरी, करायला साडेतेरा तास मिळतात, ६०० ला ४० तास. तेवढ्या वेळासाठी हँडल वेगळंच लागतं.

हे सगळं मला अलीकडे जास्त महत्त्वाचं वाटू लागलं, कारण मागची जागा हौसेने घेणारे माझ्यासारखे थोडे. पुष्कळांसाठी सायकल चालवायची ती एकमेव जागा आहे. पुण्यात दिव्यांशू गणात्रा यांच्या 'ॲडव्हेंचर्स बियॉन्ड बॅरिअर्स फाउंडेशन'ने डोळस आणि दृष्टिहीन सायकलपटूंच्या जोड्या मनाली ते खारदुंग ला या रस्त्यावर नेल्या आहेत. अशा सायकलींवर पुढचा माणूस वरचेवर बदलतो. आज उंच पायलट, उद्या बुटका. पायलट बदलला की सीट वरखाली होते आणि स्टेम पोस्टवर असल्याने मागच्याचं हँडलही तिच्याबरोबर जातं. पायलट आपली सीट आपल्याला हवी तशी करून मोकळा होतो, मागचा मिळेल त्या उंचीला हात टाकतो. तो सहसा तक्रारही करत नाही; कोणीतरी वेळ काढून आपल्याला नेतंय, त्यात हँडलचं कुठे बोलायचं, असं त्याला वाटत असतं.

म्हणून ज्यांच्याकडे अशी टँडेम आहे त्यांना एक विनंती. निघण्याआधी पाच मिनिटं मागच्या हँडलला द्या. स्टेम सैल करून, मागच्याला बसवून, त्याला विचारूनच आवळा. त्याला रुचलेली उंची आणि लांबी टेपने मोजा, दर वेळी एकाच जागेवरून, आणि त्याच्या नावापुढे लिहून ठेवा. स्टेमच्या सरकत्या नळीवर एक रबरबँड गुंडाळून ठेवलात तर निदान लांबीची खूण तो स्वतः चाचपून बघू शकेल. आणि जे नेहमी पुढेच बसतात, त्यांनी एका रविवारी दुसऱ्या कोणाला पुढे बसवून, डोळे मिटून, खडकवासल्यापर्यंत मागे बसून यावं.