ढालीपलीकडचे इंग्रजी

प्रतिवर्षी वार्षिकांकाच्या अखेरच्या पानांवर निरनिराळ्या विभागांचे अहवाल छापले जातात. त्यांत इंग्रजी विभागाचा अहवाल पालकांच्या नजरेत अधिक भरतो. वक्तृत्वस्पर्धेत ढाल कोणी मिळविली, निबंधस्पर्धेत कोणाचा क्रमांक आला, स्नेहसंमेलनात कोणता इंग्रजी नाट्यप्रवेश रंगला, याची ती यादी असते. यंदाही ती आहे. यशस्वी विद्यार्थ्यांचे मनःपूर्वक अभिनंदन करूनच मी पुढील विचार मांडू इच्छितो. कारण माझा आक्षेप त्यांच्या यशावर नाही. एका भाषेच्या वर्षभराच्या अध्यापनाचे मोजमाप एवढ्या यादीने होते, या समजुतीवर तो आहे.

ही समजूत बळावण्यास कारणही तसेच आहे. बडोद्यातील आपले मूल घरी मराठी बोलते, बाजारात व मित्रमंडळीत गुजराती बोलते, आणि पुढे महाविद्यालयात गेले की त्याची गाठ इंग्रजीशी पडते. १९४९ साली स्थापन झालेल्या येथील महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयाचे अध्यापनाचे माध्यमही इंग्रजीच आहे. तेव्हा मराठी शाळेत घातलेले मूल मागे पडेल काय, ही पालकांची शंका पोटतिडकीची आहे. तिची टवाळी करून चालणार नाही. पटसंख्या टिकविण्याची विवंचना असलेल्या शाळेस या शंकेचे उत्तर द्यावेच लागते, आणि ढाल हे चटकन दाखविता येण्याजोगे उत्तर आहे. पण ते खरे उत्तर आहे काय?

ढाल जिंकणारे भाषण बहुधा कसे तयार होते, हे आपण सारे जाणतो. ते कोणा वडीलधाऱ्याने लिहिलेले असते. विद्यार्थी ते मुखोद्गत करतो, हातवारे बसवितो आणि न अडखळता म्हणून दाखवितो. स्मरणशक्ती व सभाधीटपणा हे गुणच आहेत. परंतु त्याच विद्यार्थ्यास भाषणानंतर त्याच विषयावर एखादा साधा प्रश्न इंग्रजीत विचारला, तर पुष्कळदा तो गोंधळून जातो. इकडे त्या पाच मिनिटांसाठी शिक्षकांचे कित्येक दिवस खर्ची पडतात, आणि मागच्या बाकांवरील मुले स्वतःचे असे एकही इंग्रजी वाक्य न उच्चारता दहावीच्या उंबरठ्यावर येऊन उभी राहतात. ढाल एकाला मिळते. मौन मात्र अनेकांच्या वाट्याला येते.

म्हणूनच या सत्रातील कार्यक्रमांपैकी ज्याला अहवालात जेमतेम एक ओळ लाभली आहे, ते भाषांतराचे भित्तिपत्रक मला सर्वांत मोलाचे वाटते. 'आपण जाऊ' आणि 'आम्ही जाऊ' या दोन्ही वाक्यांना इंग्रजीत एकच 'वुई' पुरतो, हे विद्यार्थ्यांना तेथे उमगले. ऐकणाऱ्याला सोबत घेणे आणि त्याला बाहेर ठेवणे हा भेद मराठीत आहे, गुजरातीतही आहे. इंग्रजीत तो वेगळ्या शब्दांनी सांगावा लागतो. तू, तुम्ही आणि आपण या तिघांनाही 'यू', काका आणि मामा या दोघांनाही 'अंकल'! उलट, 'मी एक कुत्रा पाहिला. कुत्रा लंगडत होता' या वाक्यांतील पहिल्या कुत्र्यामागे 'अ' आणि दुसऱ्यामागे 'द' का येतो, हे नियम घोकून उमगत नाही, पण मराठी वाक्याकडे नीट पाहिले की उमगते. मराठी माध्यमाचा विद्यार्थी इंग्रजीच्या दारी रिकाम्या हाताने जात नाही. त्याच्यापाशी ताडून पाहण्यास एक संपूर्ण भाषा असते. बडोद्यात तर दोन असतात.

या नगरीचा इतिहासही हेच सांगतो. कवळाणे गावच्या शेतकरी कुटुंबातील मुलगा १८७५ साली दत्तक येऊन बडोद्याच्या गादीवर बसला, तेव्हा तो बारा वर्षांचा होता आणि त्याचे शिक्षण व्हावयाचेच होते. तो मराठी, गुजराती, उर्दू व इंग्रजी शिकला. त्याच सयाजीरावांनी १९०६ साली सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि १९३२ साली कोल्हापूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. इंग्रजी आली म्हणून मराठी सुटली नाही. त्यांच्या सेवेत १८९३ साली विलायतेहून आलेले अरविंद घोष पुढे बडोदा कॉलेजात इंग्रजी शिकवीत. बालपणापासून इंग्लंडात शिकलेल्या या प्राध्यापकाने येथे येऊन मराठी व गुजराती यांचाही अभ्यास केला. इंग्रजीच्या अध्यापकाला याहून उत्तम आदर्श कोणता?

आपल्या रंगभूमीनेही इंग्रजी अशीच पचविली. आगरकरांनी 'हॅम्लेट'वरून 'विकारविलसित' १८८३ साली सिद्ध केले, देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंजारराव' केला, आणि पु. ल. देशपांडे यांनी शॉच्या 'पिग्मॅलियन'ची 'ती फुलराणी' १९७५ साली रंगमंचावर आणली. लंडनच्या फुलवालीची गावरान बोली मराठीत उतरविणे शब्दकोशाच्या बळावर शक्य नव्हते; तिच्या तोडीची बोली आपल्याच रस्त्यावर शोधावी लागली. दोन्ही भाषांवर प्रेम करणाऱ्यालाच हे साधते.

तेव्हा इंग्रजी विभागास माझ्या काही नम्र सूचना आहेत. वक्तृत्वस्पर्धेत भाषणानंतर दोन आयत्या वेळचे प्रश्न विचारावेत आणि निम्मे गुण त्या उत्तरांना द्यावेत. प्रत्येक वर्गात दर आठवड्यास एक तास असा असावा, की ज्यात प्रत्येक मुलाने स्वतःच्या मनातील दोन वाक्ये बोलावीत. ती चुकली तरी कोणी हसू नये, आणि शिक्षकांनी तर नयेच. महिन्यातून एकदा मराठीतून इंग्रजीत व इंग्रजीतून मराठीत एकेक उतारा उतरवावा, आणि त्या तासाला मराठीच्या शिक्षकांनीही बसावे. शेवटी, पुढील अहवालात ढालींच्या यादीशेजारी आणखी एक नोंद असावी: वर्षारंभी मुकी असलेली किती मुले वर्षअखेरीस बोलू लागली?

हे काम दिसणारे नाही. त्याचे छायाचित्र निघत नाही, त्याला चषक मिळत नाही, आणि त्याचे फळ शाळेच्या नव्हे, तर विद्यार्थ्याच्या आयुष्यात दिसते. तथापि पालकांच्या शंकेचे खरे उत्तर तेच आहे. एका मुलाचे निर्दोष पाठांतर पाहून ज्यांना समाधान वाटते, त्यांना माझी विनंती आहे की, त्यांनी घरी आपल्या पाल्याची सदोष, अडखळती, परंतु स्वतःची दोन इंग्रजी वाक्ये ऐकावीत. भाषा तेथूनच रुजू लागते.