जुन्या चाकांचे काय करावे?

दसरा उलटला की आमच्या घरी माळा खाली येतो, आणि माळा खाली आला की घरातली शांतता वर जाते. यंदा मात्र आमचा वाद सुरू होण्याआधीच न्यू जर्सीहून आक्काचा फोन आला. आक्का सध्या लेकाकडे आहे. सहा महिन्यांच्या मुक्कामात तिने त्याचे घर पुण्याच्या वळणावर आणले आहे. गॅरेज तेवढे राहिले होते.

“अरे, त्याच्या त्या लाल मोटारीची चार चाकं भिंतीशी पडलीत. मोटारीला नवी बसवलीत, मग ही कशाला? विचारलं तर म्हणतो, ‘आई, त्यांना हात लावू नकोस.’ तूच सांग, टाकू की ठेवू?”

लाल मोटार म्हणजे १९९० सालची माझदा मियाटा. दोनच माणसांची, टप मागे सारून उन्हात हिंडायची. स्पोर्ट्स कार म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर नट आणि कारखानदार येतात. पण ही गाडी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात आली, तीच मुळी बेताच्या पगारवाल्याला परवडावी अशी. २०१६ मध्ये तिची दहा लाखावी प्रत कारखान्यातून बाहेर पडली, यावरून काय ते समजा. आमच्या भाच्याने ती जुनीच घेतली, आणि बायको घेईल तेवढी काळजी तिची घेतो (हे सूनबाईंचे मत, माझे नव्हे). तिची मूळ चाके चौदा इंची, सात आऱ्यांची, अॅल्युमिनियमची. त्या मापाचे चांगले टायर आता फारसे मिळत नाहीत, म्हणून त्याने पंधरा इंची चाके घातली. यात त्याचे काही चुकले असे मला वाटत नाही. मोटार ही देव्हाऱ्यात ठेवायची वस्तू नव्हे.

पण आक्काला ‘टाक’ म्हणायला जीभ रेटेना; कारण आमच्या वाड्यासमोरचे डॉक्टर आठवले.

डॉक्टरांकडे एम. जी. टी. डी. होती. इंग्लंडात १९५० ते ५३ या काळात झालेली, पुढे लांब नाक आणि पाठीवर पेट्रोलची टाकी घेतलेली ही गाडी आम्हा पोरांना रामायणातल्या रथासारखी वाटे. एम. जी. च्या आधीच्या गाड्यांना सायकलसारखी तारांची चाके असत. टी. डी. ला मात्र कंपनीने पत्र्याची, थाळीसारखी चाके दिली. शौकिनांनी नाके मुरडली. पुढच्या, १९५३ च्या टी. एफ. ला कंपनीने मागणीप्रमाणे पुन्हा तारांची चाके देऊ केली. डॉक्टरांचे चिरंजीव या नाके मुरडणाऱ्यांपैकीच. मुंबईत एक टी. एफ. मोडीत निघाल्याचे कळताच त्यांनी तिची चार चाके आणली आणि डॉक्टर गावाला गेले असताना गाडीला चढवली. काढलेली थाळीची चाके मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात गेली. चौघांनी ‘वा!’ म्हटले. डॉक्टरही परतल्यावर गाडीभोवती एक फेरी मारून गप्प राहिले.

आता यातली मेख सांगतो. थाळीचे चाक पाच नटांनी आवळतात. तारांच्या चाकाला मध्ये दाते असतात; ते दातेरी हबवर सरकवून एकच मोठा नट तांब्याच्या हातोडीने ठोकून बसवायचा. म्हणजे चाक बदलायचे तर हबही बदलावे लागते. चिरंजिवांनी ते केले होते. पण चाके मिळाली चारच! टाकीच्या पाठीवर जादा चाक राहिले ते जुने, थाळीचे.

पुतणीच्या लग्नाला मुंबईला जाताना खंडाळ्याच्या घाटात पहाटे टायर बसला. डॉक्टरांनी पाठीवरचे चाक उतरवले, हबला लावले, फिरवून लावले. ते बसणार कसे? अखेर पंक्चरलेले चाक एका मालट्रकमधून खोपोलीला गेले, दुरुस्त होऊन आले, आणि डॉक्टर कार्यालयात पोचले तेव्हा पंगत उठत होती. मुलीला वडील नव्हते. कन्यादान डॉक्टरांनी करायचे होते.

त्यानंतर त्यांनी ती चार चाके शोधायला घेतली. दोन जुन्या बाजारातच एका कोपऱ्यात सापडली. तिसरे एका शाळेच्या मैदानावर होते. त्यात सिमेंट ओतून व्हॉलीबॉलच्या खांबाची बैठक केली होती. चौथे काही मिळाले नाही. कुणी पत्ता दिला की डॉक्टर दवाखाना बंद करून जात. पुढे गाडी विकायची वेळ आली. मुंबईचे एक शौकीन गृहस्थ आले, त्यांनी बॉनेटही न उघडता पहिला प्रश्न केला, “मूळ चाकं आहेत ना?” वाड्याच्या दारात आम्ही उभे होतो. डॉक्टरांनी पाठीवरच्या त्या एकट्या चाकावर हात ठेवला आणि मुलाकडे पाहिले. किंमत उतरली, ती वेगळीच गोष्ट.

टी. डी. सुमारे तीस हजार झाल्या आणि बहुतेक अमेरिकेला गेल्या. इथे पुण्यात बसून तिचे चाक शोधणे म्हणजे काय, हे ज्याने शोधले तोच जाणे. मियाटा दहा लाख असोत. एका जोडीची चार सरळ, न चिरलेली, एकाच रंगाची चाके वीस वर्षांनी हवी झाली की तीही दुर्मिळच. खुद्द कंपनीने २०१८ पासून जपानात या जुन्या गाड्या पूर्ववत करून द्यायला घेतल्या, तेव्हा मूळ नक्षीचे टायर पुन्हा बनवून घ्यावे लागले.

म्हणून मी आक्काला सांगितले, ठेव. पण सगळे नको. टायर काढून टाकायला लाव. रबर वापरले नाही तरी म्हातारे होते. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन सालाचे, ते वाचले की वय कळते. नुसती चाके राहिली की जागा पुष्कळ कमी लागते. ब्रेकची काळी धूळ साबणाच्या पाण्याने धुवायची, नाहीतर ती अॅल्युमिनियम खाते. कोरडी करून मध्ये जुनी लुगडी घालून एकावर एक रचायची. चारातले एक कुणाला द्यायचे नाही, कितीही आर्जव केले तरी. गाडी विकली तर चाके गाडीबरोबर जातील.

इथल्या मंडळींनी मात्र हे वाचून माळे भरू नयेत. आपल्याकडे रोजच्या वापराची मोटार घेऊन आठवड्यात अलॉय चाके बसवतात आणि दुकानदार लोखंडी चाकांचे पैसे वजा करून देतो. ते खुशाल घ्यावेत. तसली चाके बाजारात मुबलक आहेत, आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये रचून ठेवलीत तर चिटणीसांची चिठ्ठी ठरलेली. वाकलेले, तडा गेलेले चाक तर कुठलेच ठेवू नये. फक्त जादा चाक नव्या हबला बसते ना, हे घाट चढण्याआधी घरीच पाहावे.

फोन ठेवता ठेवता आठवले. “आक्का, त्या चाकांचे नट कुठे आहेत? नव्या चाकांना कधी वेगळे नट लागतात. जुने हरवले तर चाकं असून नसल्यासारखी.”

पलीकडे जरा शांतता. मग आक्का म्हणाली, “सोळा आहेत का रे? ते मी कालच घासून पुसून चिवड्याच्या डब्यात घातलेत. वाटलं, कसले तरी बरे दिसतायत.”