‘ऑफ’च्या अलीकडचा कोण, पलीकडचा कोण?

इंग्रजी अर्जात नावापुढे ‘एस/ओ’ असते. ते ‘सन ऑफ’, म्हणजे मुलगा. ‘डी/ओ’ मुलगी, ‘डब्ल्यू/ओ’ बायको. आपण म्हणतो ‘गणपाचा मुलगा शिवा’. बाप आधी, लेक मागून. इंग्रजीत उलटे : ‘शिवा सन ऑफ गणपा’. मराठी वळणाने अर्ज भरलात तर बापच लेकाचा मुलगा होतो आणि वारसनोंदीला हेलपाटे पडतात. (गंमत म्हणजे ‘गणपाज सन’ म्हटले की इंग्रजीही आपल्याच वळणाने जाते, तो ‘ज’ म्हणजे आपला ‘चा’.)

‘सी/ओ’ मात्र वेगळे. ते ‘केअर ऑफ’. त्यात नाते कळत नाही. पत्र पहिल्या नावाच्या माणसाचे. दुसऱ्याने ते घ्यायचे आणि पोचवायचे. मामाकडे शिकायला राहिलेल्या पोराचे पाकीट असेच येते. मामाने ते फोडायचे नसते.