दुकानातला लखलखाट घरात कशाला?



टीव्ही दुकानातून येतो तसाच आपल्याकडे वर्षानुवर्षे चालतो. रंग डोळ्यांत खुपतात अशी तक्रार आपण करतो, पण रिमोट मात्र मुलाच्या नाहीतर नातवाच्या हाती. माझ्या मते टीव्हीचं चित्र नीट लावणं हे आपणच शिकून घ्यावं. ते अवघड नाही आणि धर्मालाही धरून आहे.

दुकानात दिव्यांचा झगमगाट असतो, शेजारी दहा टीव्ही लावलेले असतात. त्यात उठून दिसावं म्हणून 'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक' मोडमध्ये रंग भडक, उजेड भरपूर आणि पांढऱ्यावर निळी झाक ठेवतात. घरात त्याची गरज नाही. पिक्चर मोड 'सिनेमा', 'मूव्ही' किंवा 'फिल्ममेकर' करा. पहिले काही दिवस चित्र पिवळट वाटेल, मग डोळे सरावतात.

पुढची तपासणी श्रवणबेळगोळच्या २०१८ च्या महामस्तकाभिषेकाचं रेकॉर्डिंग लावून करा. दुधाच्या धारा वेगवेगळ्या न दिसता नुसता पांढरा पट्टा दिसला तर कॉन्ट्रास्ट कमी करा. भगवान बाहुबलींच्या पायांवर चढलेल्या वेली सावलीत बुडाल्या तर ब्राइटनेस थोडा वाढवा. मूर्तीच्या कडेने पांढरी रेघ उमटली तर शार्पनेस उतरवा. दगड दगडाच्या रंगाचा आणि केशर केशराच्या रंगाचं दिसलं की थांबा.

खोलीच्या मानाने उजेड कमी-जास्त करायचा तो 'बॅकलाइट'ने. काही टीव्हींत त्यालाच 'ब्राइटनेस' म्हणतात. तिथे सावल्यांसाठी 'ब्लॅक लेव्हल' बघा. एलईडी टीव्हीत सर्वांत जास्त वीज हा बॅकलाइटच खातो. हिशेब मांडू. समजा, तो कमी केल्याने ३० वॅट वाचले आणि टीव्ही रोज ५ तास चालतो. महिन्याला साडेचार युनिट वाचले. रक्कम लहान आहे, पण विनाकारण होणाऱ्या हिंसेपासून दूर राहणं म्हणजेच अनर्थदंडविरती. पाणी गाळताना, दिवा लावताना आपण जो विचार करतो, तो या पडद्यापाशीच का सोडावा?

काही जणी म्हणतील, टीव्ही हाच मुळात परिग्रह, मग त्याचे रंग कशाला जुळवत बसायचे? म्हणणं खरं आहे. ज्यांना टीव्ही सोडता येतो त्यांना माझा नमस्कारच. पण बहुतेकींच्या घरी तो आहे आणि राहणार आहे. जे ठेवलं त्याला मर्यादा घालावी, हेच भोगोपभोग परिमाण व्रत आपल्याला शिकवतं.

आणखी एक गोष्ट आहे. गुडघ्यांमुळे ज्यांना विंध्यगिरीच्या पायऱ्या चढता येत नाहीत, गावातल्या मंदिरातही रोज जाता येत नाही, अशा आपल्या सासूबाई, मावश्या, आत्या याच पडद्यावर अभिषेक बघून हात जोडतात. सम्यक दर्शन काही रिमोटने मिळत नाही, ते श्रद्धेतूनच येतं. पण त्यांच्या वाट्याला निळसर, झगझगीत मूर्ती का यावी? या रविवारी दहा मिनिटं काढा. त्यांना शेजारी बसवा, त्यांच्या डोळ्यांना सोसेल तिथे उजेड आणून ठेवा, आणि रिमोटची बटणं त्यांनाही शिकवा.