नातवंडाच्या अंगावरील पांढरा डाग

नातवंडांना अंघोळ घालणे, तेल लावणे, कपडे बदलणे ही कामे पुष्कळ घरांत आजी-आजोबांकडेच असतात. त्यामुळे मुलाच्या त्वचेतील बारीकसा बदलही बहुधा प्रथम आपल्याच नजरेस येतो. गुडघ्यावर, पापणीजवळ, ओठांच्या कडेला किंवा करगोट्याच्या काचाखाली पांढरा ठिपका दिसला, की मनात पहिला शब्द उमटतो तो ‘कोड’. मुलगी असेल तर पाठोपाठ तिच्या लग्नाची चिंता. आणि मुलगी असते चार वर्षांची!

प्रत्येक पांढरा डाग कोडाचा नसतो. गालांवर फिकट, किंचित खरखरीत, अस्पष्ट कडांचे चट्टे पुष्कळ मुलांना येतात. आपण त्यांचे खापर जंतांवर फोडतो. वस्तुतः ते कोरड्या त्वचेचे असतात आणि हळूहळू जातात. शिब्यांवर बारीक कोंडा असतो. कोडाचा डाग मात्र दुधासारखा पांढरा, स्पष्ट कडांचा व गुळगुळीत असतो आणि तेथील स्पर्शज्ञान शाबूत असते. डाग बधिर असेल तर कुष्ठरोगाची तपासणी करावी लागते. तो निराळा आजार आहे आणि औषधांनी बरा होतो. शंका असल्यास त्वचारोगतज्ज्ञ अंधाऱ्या खोलीत विशिष्ट दिव्याखाली डाग पाहतात. कोडाचा डाग त्या प्रकाशात उजळून उठतो.

त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवर शरीराचीच प्रतिकारशक्ती हल्ला करते आणि रंग नाहीसा होतो, एवढाच या आजाराचा अर्थ. तो संसर्गजन्य नाही. एका ताटात जेवल्याने, एका अंथरुणात झोपल्याने तो होत नाही. दूध व मासे एकत्र खाल्ल्यानेही होत नाही. तरीही घरोघरी पहिला उपाय पथ्याचाच सुरू होतो: आंबट बंद, दही बंद, मासे बंद. वाढत्या वयाच्या मुलाचे ताट असे रिकामे करण्यास काहीही आधार नाही. डाग जातच नाही, मूल मात्र रोडावते.

बावचीच्या लेपाविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण तो प्रेमापोटी लावला जातो. बावचीत सोरालेन नावाचे द्रव्य असते. ते त्वचेला उन्हाबाबत अतिसंवेदनशील करते. लेप लावून मुलाला उन्हात बसवल्यास त्वचा भाजून फोड येतात, आणि जेथे जखम होते तेथेच कोड नव्याने उमटण्याचा संभव असतो. याच कारणाने घट्ट इलॅस्टिक आणि काचणारा करगोटाही काढून ठेवावा.

उपचार लवकर सुरू झाल्यास बरे. मलमे असतात; डाग अधिक असल्यास अतिनील किरणांचा मोजून दिलेला उपचार असतो. स्टिरॉइडचे मलम दुकानातून परस्पर आणून लावू नये. चेहऱ्यावरील डाग तुलनेने चांगला प्रतिसाद देतात, बोटांच्या टोकांवरील हट्टी असतात. परिणाम दिसण्यास काही महिने लागतात; तोवर दर महिन्याला त्याच जागी, त्याच उजेडात छायाचित्र काढून ठेवावे. रोज पाहणाऱ्याला फरक कळत नाही. कोडासोबत थायरॉईडचा विकार आढळू शकतो, म्हणून डॉक्टर रक्ततपासणी सांगतील. तिला घाबरू नये.

आणखी एक विनंती. मुलासमोर उसासे टाकू नका, पाहुणे आले म्हणून पूर्ण बाह्यांचा सदरा घालू नका. चार-पाच वर्षांचे मूल डागापेक्षा आपले चेहरे अधिक लक्षपूर्वक वाचते. कोणी विचारल्यास सांगायला त्याला सोपे वाक्य शिकवा: ‘इथला रंग गेलाय, दुखत नाही, तुला होणार नाही.’ हेच वाक्य वर्गशिक्षिकेलाही सांगून ठेवा. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी सुरू केलेली ‘श्वेता असोसिएशन’ कोड असलेल्या व्यक्तींना व त्यांच्या कुटुंबीयांना आधार देते. मुलाच्या आई-वडिलांना तिच्याशी संपर्क साधण्यास सुचवा. जमल्यास आपणही सोबत जा.