केसपेपरवरचा खोटा शब्द

वाचकहो, फराळाच्या ताटाशेजारी हा विषय कशाला, असे काहीजण म्हणतील. र. धों. कर्व्यांनाही लोक हेच म्हणत. तरी १९२७ ते १९५३ त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ चालविले आणि त्यापायी कोर्टाची पायरीही चढले. संसाराची गोष्ट कुटुंबात बोलायची नाही, तर बोलायची कुठे?

आमच्या वर्धा जिल्ह्याने स्पर्शाची भीती केव्हाच मोडली. सेवाग्रामात गांधीजींनी कुष्ठरोगी परचुरे शास्त्रींची शुश्रूषा स्वतःच्या हातांनी केली. मनोहर दिवाणांनी १९३६ साली दत्तपूरला कुष्ठसेवेचे काम उभारले. पण कायदा मागेच राहिला. जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून २०१९ पर्यंत कायद्यात होते!

रोग्याला रोजच्या कामाला पुन्हा लावणारी विद्या म्हणजे व्यवसायोपचार. कमलाबाई निंबकरांनी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात १९५० साली तिची शाळा काढली. घास तोंडापर्यंत नेणे, अंघोळ, कपडे घालणे ही या विद्येची दैनंदिन कामे. अमेरिकेतील व्यवसायोपचारकांच्या संघटनेने याच यादीत शरीरसंबंधही धरला आहे. त्यात गैर काय?

समजा, एखादा तरुण शेतकरी विहिरीत पडून कमरेखाली लुळा झाला. खाटेवरून खुर्चीत कसे बसावे, हे त्याला शिकवतात. नवराबायकोने जवळ कसे यावे, हे कोण शिकवणार? उशी कुठे द्यावी, वेदना कमी असण्याची वेळ कोणती, लघवीच्या नळीचे काय करावे, हेही शिकवण्याजोगेच आहे. एखादी धीट बाई ते शिकवते. पण केसपेपरवर आणि बिलावर लिहिते, ‘कमरेचा व्यायाम’.

लोक याला सभ्यता म्हणतात. मी लबाडी म्हणतो. पुढच्या उपचारकाला काय शिकवले ते कळत नाही. कागदावर नाही त्या कामाला पैसा नाही, आणि पैसा नाही त्या कामाला वेळ मिळत नाही. शेवटी ते काम कोणी करीतच नाही.

‘पण फाईल घरातल्या फळीवर पडते, दीर वाचतो, त्याचे काय?’ आक्षेप खरा आहे. म्हणून काम लिहावे, गुपित लिहू नये. ‘दैनंदिन जीवनाचे शिक्षण, जोडप्याच्या संमतीने, ३० मिनिटे’ एवढे पुरे. बिलावरही तेच शब्द असावेत. अधिक तपशील लागलाच, तर तो रुग्णालयाच्या कुलपात राहावा. घराला दार असावे. दारावर दुसऱ्याच्या नावाची पाटी नसावी.

अपंगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने प्रजनन आणि कुटुंबनियोजनाची माहिती मिळण्याचा अधिकार मान्य केला आहे. मग रुग्णालयांनी लाजायचे कारण नाही. आणि वाचकहो, घरचा माणूस खाटेवरून उठून परत येईल, तेव्हा त्याला औषधांच्या वेळा जरूर विचारा. पण त्या दोघांना दार लावून घेता येईल अशी एक खोलीही द्या.